चार मिनिटांच्या फिल्मसाठी प्रोसेसर

३ ऑक्टोबर

आजपासून कामाची रोजची नोंद ठेवायची. सांख्यिकी कार्यालयात इतकी वर्षं काढल्यावर एवढी शिस्त तरी अंगात असायला हवी.

काम असं: बाबांची फिल्म अपाला, म्हणजे आईला, दाखवायची.

अशी काही फिल्म आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. बाबा उन्हाळ्यात वरच्या कुरणावर मेंढ्या राखायचे तेव्हा जिल्ह्याचा पशुवैद्य वर यायचा. त्याच्याकडे किल्लीचा कॅमेरा होता. त्याच्या मुलीला बिश्केकमध्ये घर आवरताना ते रीळ सापडलं, आणि तिने ते पेनड्राइव्हवर उतरवून आम्हाला पाठवलं. चार मिनिटं. आवाज नाही, त्या कॅमेऱ्यांना आवाज नसेच. बाबांचे फोटो आहेत घरात, पण चालणारे, हलणारे बाबा म्हणजे एवढेच.

अपाला काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंबांनी टिकेल तितकी टिकेल. म्हणजे वेळ आहे. फक्त तो वाया घालवायचा नाही.

फिल्म मी एकटीने फोनवर बघितली. नुसते चरे, धूळ, आणि मधूनच बाबांच्या तोंडावरून जाणारी पांढरी रेघ. आईला नवरा इतक्या वर्षांनी दाखवायचा तो असा? प्रत्येक चौकट साफ करायची. त्याला सॉफ्टवेअर आहे, सॉफ्टवेअरला दमदार कॉम्प्युटर लागतो, आणि माझा लॅपटॉप ते उघडतानाच मान टाकतो. तेव्हा नवा कॉम्प्युटर जुळवायचा. पहिल्या बर्फाआधी अपा बाबांना बघेल.

नुरिला म्हणाली, एजे, पेनड्राइव्ह टीव्हीला लावा ना, चहा उकळेपर्यंत बघून होईल. नुरिला माझी भावजय, मला एजे म्हणते, म्हणजे ताई. भाऊ रशियात ट्रक चालवतो, घर ती चालवते. म्हटलं, टीव्हीवर चरे मोठे दिसतात. म्हणाली, अपांना चरे दिसणार आहेत का?

माणसं पटकन बोलून जातात.

६ ऑक्टोबर

बाजारात इस्खारच्या कंटेनरमधल्या दुकानावर गेले. इस्खार दुंगान, मूळच्या चिनी मुसलमानांपैकी. त्याच्या घरचे सगळे नूडल्स विकतात, हा एकटाच जुने ऑफिसचे कॉम्प्युटर विकतो. त्याने माझ्या तळहातावर दोन प्रोसेसर ठेवले. दोन्ही बिस्किटाएवढे, दोन्ही एकाच बोर्डात बसणारे. एक सर्व्हरमधून काढलेला, दुसरा घरगुती, डेस्कटॉपचा.

सर्व्हरवाला उचलला तर म्हणाला, हा गाडीचा घोडा आहे एजे, दिवसरात्र ओढतो, बसायचं नाव नाही. घरगुती उचलला तर म्हणाला, हा अंगणातला घोडा, पोरांनाही पाठीवर घेतो. विचारलं, मग चांगला कुठला? म्हणाला, तुमच्या हातात आहे तो.

असल्या माणसावर विसंबून चालणार नाही. तक्ता करायचा.

९ ऑक्टोबर

तक्ता सुरेख झाला. अकरा निकष, प्रत्येकाला वजन. बेरीज केली तर दोघांना सारखेच गुण.

निकष वाढवणे.

१० ऑक्टोबर

कार्यालयात काम कमी होतं, म्हणून इंटरनेटवर दिवसभर वाचलं. लोक याच विषयावर पानंच्या पानं भांडतात. बरं वाटलं, मी एकटी नाही. ग्राफिक्स कार्डांवरचा सगळा भाग वगळला, तो गेम खेळणाऱ्या पोरांसाठी असतो. बोर्डाला मॉनिटरची वायर लावायची जागा आहे, तेवढं मी बघून घेतलं आहे.

१४ ऑक्टोबर

निर्णय झाला: घरगुती. कारण काम घरचं आहे.

घरी आणल्यावर अपाने मागितला. तळहातावर घेऊन बराच वेळ बोटाने चाचपत बसली. कडा, कोपरे, मागचे ठिपके. मग म्हणाली, एवढुसा? यात तुझा बाप मावेल का गं? त्याला तर आपल्या दारातून वाकून यावं लागायचं.

वस्तूची पारख जुन्या बायकांना हातानेच कळते.

२१ ऑक्टोबर

घरगुती परत केला.

कारण गंभीर आहे. सर्व्हरचा प्रोसेसर आपली मेमरी तपासत राहतो आणि चूक झाली तर स्वतः दुरुस्त करतो. घरगुती तसं करत नाही. समजा सफाई करताना एखादा ठिपका चुकला आणि बाबांची भुवई भलतीच झाली, तर? अपाला सगळं लक्षात आहे. तिला फसवून चालणार नाही.

इस्खार म्हणाला, एजे, भुवईचं असं आजवर कोणी विचारलं नव्हतं.

२९ ऑक्टोबर

बर्फ पडला. पण दुपारपर्यंत वितळून गेला, तेव्हा हा धरायचा नाही.

अपाने सकाळी चहा पियाल्याच्या बाहेर ओतला, सगळा खाली पसरलेल्या दस्तरखानावर. दिव्याची जागा चुकीची आहे, हे मी कधीपासून म्हणतेय. संध्याकाळी दिवा हलवला.

२ नोव्हेंबर

दिव्याचा उपयोग झाला. आता अपा एक बोट पियाल्याच्या काठाच्या आत धरून चहा ओतते आणि एक थेंब सांडत नाही. जुन्या लोकांच्या पद्धतींमागे किती विचार असतो.

खरा बर्फही आज आला. नवी तारीख: नववर्ष. तेच जास्त शोभेल.

८ नोव्हेंबर

सर्व्हरवाला आणला. मॉनिटरही झाला. पैसे द्यावे लागू नयेत म्हणून इस्खारला आपला टीव्ही दिला आणि मॉनिटर घेतला. उत्तम व्यवहार.

नुरिलाला पटलं नाही. म्हणाली, एजे, माझी मालिका? त्यातल्या सुनेला सासूने आत्ताच घराबाहेर काढलंय, आता ती गेली कुठे हे मला कोण सांगणार? म्हटलं, नववर्षानंतर सगळं कॉम्प्युटरवर दिसेल. म्हणाली, तुमच्या भावाने रशियातून विचारलं टीव्ही कुठे, तर सांगीन, अपांना बाबा दाखवायला गेलाय, अजून परत आला नाही.

अपा हसली. बऱ्याच दिवसांनी.

१७ नोव्हेंबर

अपा विचारत होती, फिल्ममध्ये त्याच्या अंगावर काय आहे? म्हटलं, बघशीलच. थोड्या वेळाने म्हणाली, घोडा कुठला आहे, तांबडा की पांढऱ्या कपाळाचा? म्हटलं, अपा, आधीच सांगितलं तर बघण्यात मजा काय? म्हणाली, मजेचं राहू दे, तू आपली सांग. थोडंसं सांग.

मी अजिबात सांगितलं नाही. अशा वेळी मन घट्ट करावं लागतं.

५ डिसेंबर

वीज रोज जाते. हिवाळाभर असंच राहणार म्हणतात. सर्व्हरवाला वीज जास्त खातो असं कुठेतरी वाचलं. घरगुतीचा विचार पुन्हा करायला हवा.

७ डिसेंबर

बदलून आणला. इस्खार म्हणाला, एजे, या दोघांना तुम्ही इतक्या वेळा फिरवलंय की आता त्यांना रस्ता पाठ झालाय, सोडून दिले तर आपापले येतील. शेजारच्या कंटेनरमधली मांसवाली बाई हसली. बाजारात माझी ओळख वाढते आहे.

१९ डिसेंबर

पुन्हा सर्व्हरवाला.

वीज गेली की दोन्ही सारखेच बंद पडतात, ही साधी गोष्ट तक्त्यात राहून गेली होती. आता हा विषय संपला.

३१ डिसेंबर

नव्या वर्षाचे संकल्प. एक, प्रोसेसर बदलायचा नाही. दोन, चिडायचं नाही. तीन, ८ मार्च, महिला दिन. आईला दाखवायला याहून योग्य दिवस सांगा.

जेवताना अपाने मला नुरिला म्हणून हाक मारली आणि नुरिलाला माझ्या नावाने, बुरुल. दोघींच्या अंगावर एकसारखे स्वेटर होते. कोणाचाही गोंधळ होईल.

१८ जानेवारी

आज अपाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. पण नेमका आजच बिश्केकहून मिनीबसने कॉम्प्युटरचा खोका यायचा होता, तो उतरवून घ्यायला कोणीतरी स्टँडवर हवं. नुरिला अपाला घेऊन गेली. बस उशिरा आली, खोका चांगला आहे, काळा, काचेच्या दाराचा.

परत आल्यावर नुरिला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. अंगातला कोटही काढला नव्हता. म्हणाली, एजे, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायचंय का? माझ्या हातात स्क्रू होते. म्हटलं, हे एकदा जुळू दे, मग निवांत बसून बोलू. तिने कोट काढला. मग बटाटे सोलायला गेली.

स्क्रू कमी आहेत.

२ फेब्रुवारी

अपा हल्ली भिंतीला हात लावत चालते. ओल आली आहे का ते बघत असावी. या घराची काळजी तिच्याइतकी कोणालाच नाही. उन्हाळ्यात भिंती लिंपून घेणे.

१९ फेब्रुवारी

अपाने बाहेर जाणं सोडलं आहे. अंगणात बर्फ आहे, शहाणपणाचंच आहे. घरातच बसून सूत काढते, सुताकडे बघतसुद्धा नाही. पूर्वी बघायची. हात किती सराईत झालाय.

पंखा मिळाला. सर्व्हरवाला तापतो म्हणून मोठा घेतला.

७ मार्च

जुळलं.

बटण दाबलं, पंखा फिरला, निळा दिवा लागला. लगेच बंद केलं. मॉनिटर लावला नाही. मुद्दामच. नवी सून घरात येते तेव्हा तिच्या तोंडावरचा पदर उचलायच्या आधी बघणावळ द्यावी लागते, कोरुंदुक. नवं बाळ असो, नवं घर असो, पहिल्यांदा बघणाऱ्याने काहीतरी दिल्याशिवाय बघायचं नसतं. ही फिल्म पहिल्यांदा अपाच बघेल, मी फोनवर बघितली ते धरायचं नाही. त्याआधी या पडद्यावर कोणाचीही नजर पडता कामा नये, माझीसुद्धा नाही. मी सगळ्यावर पांढरी शाल टाकली.

नुरिला म्हणाली, एकदा लावून तर बघा एजे, चालतंय की नाही. म्हटलं, तू बघणावळ काय देणार? म्हणाली, मी आतापर्यंत एक टीव्ही दिलाय.

८ मार्च

कार्यालयात समारंभ. फुलं, भाषणं, केक. उशीर झाला.

शिवाय फिल्मची सफाई अजून सुरू व्हायची आहे. पण घाई कशाला, नोरूज दोन आठवड्यांवर आहे. वर्षाचा नवा दिवस. मनात कुठेतरी मला आधीपासून नोरूजच हवा होता.

१५ मार्च

सफाईबद्दल निर्णय. सफाई करायची तर मॉनिटर लावावा लागेल, म्हणजे अपाच्या आधी मी बघणार. ते शक्य नाही. तेव्हा सफाई नंतर. इतक्या दमदार यंत्रावर मूळ फिल्मसुद्धा वेगळीच दिसेल.

डिस्क इस्खारने त्याच्या मशिनवर तयार करून दिली. बटण दाबलं की फिल्म आपोआप सुरू होईल, संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळी मी त्याच्या पडद्याकडे पाठ करून उभी होते. तो म्हणाला, एजे, तुम्ही अजब आहात. पण आवाज हळू होता त्याचा.

अपाला सांगितलं, नोरूजला, दुपारी, आवाज नसेल, चित्र असेल. म्हणाली, त्या कॅमेऱ्याला आवाज कुठला. किल्ली तेवढी घरघरायची.

२१ मार्च, सकाळ

आकाश निरभ्र. वीज आहे. नुरिला पिठाचे बोरसोक तळते आहे, घरभर वास. अपाने पांढरा रुमाल स्वतः बांधला, नुरिलाने फक्त मागची गाठ सारखी केली.

आज.

२१ मार्च, संध्याकाळ

नीट लिहून ठेवायला हवं.

अपाला खुर्चीत बसवलं. तिने मुठीतून काहीतरी काढून पुढे केलं. तिच्या मखमली जाकिटाची चांदीची बटणं, सगळी. काल दुपारी एकटीने बसून उसवली होती. म्हणाली, बघणावळ. तिचा हात माझ्याकडे नव्हता, जरा बाजूला, कपाटाकडे होता. मी माझा हात तिकडे नेला आणि बटणं घेतली.

शाल काढली. खोक्याच्या मागे वाकून मॉनिटरची वायर लावली, मागूनच हात लांब करून बटण दाबलं. पंखा सुरू झाला. मोठा आवाज होतो त्याचा.

अपा म्हणाली, आला.

मी मान वर केली. पडदा काळा होता. वायर काढून पुन्हा लावली. काळा. मॉनिटरचा दिवा लागला होता, लुकलुकत होता. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अपाच बोलायला लागली.

बघ कसा चालतोय, डावा पाय जरा टाकून. त्या वर्षी घोड्यावरून पडला होता ना. टोपी बघ मागे सारलीय. किती सांगायचे मी, ऊन लागेल, डोकं दुखतं म्हणून रात्री मलाच उठवशील. ऐकतोय कुठे.

नुरिला बोरसोकची परात घेऊन दारात उभी होती. तिने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी वायर हातात धरून खोक्याच्या मागे तशीच बसलेली. नुरिलाने परात खाली ठेवली आणि अपाच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. तिने बाबांना कधी पाहिलेलं नाही, ती या घरात आली तेव्हा बाबा जाऊन किती वर्षं झाली होती. म्हणाली, अपा, उंच होते हो.

अपा म्हणाली, तू बघतेयसच की.

मग म्हणाली, आता वळेल. थांब. वळला बघ. हसला.

पंखा तेवढा चालला होता. तिचा चेहरा पडद्याकडे होता, अगदी सरळ, आणि अंगणातून आलेलं ऊन तिच्या डोळ्यांत पडलं होतं. पापणी लवली नाही.

मग तिने विचारलं, संपली?

मी म्हटलं, संपली.

किती स्वच्छ केलीस गं, म्हणाली. एक चरा राहिला नाही. उगीच नाही एवढे महिने लागले.

मी अजून मागेच होते. म्हणाली, बुरुल, पुन्हा लाव.

मी बटण बंद केलं. पुन्हा चालू केलं.

२२ मार्च, दुपार

सकाळी नुरिलाला विचारलं, जानेवारीत डॉक्टर काय म्हणाले होते. ती पीठ मळत होती. म्हणाली, एक डोळा तर तुम्ही पहिल्यांदा बाजारात गेलात तेव्हाच गेला होता एजे. दुसरा नववर्षाच्या सुमाराला. मी तुम्हाला सांगणारच होते परत, पण अपाच म्हणाल्या, राहू दे, ती कामात आहे, काम मोडू नकोस तिचं.

इस्खारकडे गेले. तो म्हणाला, सर्व्हरच्या प्रोसेसरला चित्र काढता येत नाही एजे, घरगुतीला येतं. सर्व्हर कपाटात पडलेला असतो, त्याच्यापुढे बसून बघतं कोण? वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. मला वाटलं, तुम्ही एवढं वाचलंय म्हणजे कार्ड घरी असेलच. मग त्याने विचारलं, म्हणजे काल काहीच दिसलं नाही? म्हटलं, दिसलं.

त्याने ड्रॉवरमधून घरगुती काढून दिला. विकायला बाहेर ठेवलाच नव्हता, तुम्ही येणारच हे माहीत होतं, म्हणाला.

बसवला. चित्र लगेच आलं.

मी आणि नुरिलाने बघितली. चरे आहेत, धूळ आहे, पांढरी रेघ आहे. बाबा डावा पाय जरा टाकून चालतात. टोपी मागे सारलेली आहे. घोडा तांबडा. शेवटी ते वळतात आणि हसतात, पण कॅमेऱ्याकडे बघून नाही. बाजूला, चित्राच्या बाहेर कोणाकडे तरी बघतात. फोनवर बघताना मला वाटलं होतं, पशुवैद्याला नीट धरता आलं नाही. तेवढा तुकडा कापून टाकायचं ठरवलं होतं मी.

नुरिला म्हणाली, अपा तिथे उभ्या असणार.

फिल्म संपून पुन्हा सुरू झाली. अपा आतल्या खोलीत बसली होती, मधलं दार उघडं होतं. नुरिलाने हळूच विचारलं, बोलावू का त्यांना?

म्हटलं, नको. तिची बघून झाली आहे.